जड रायफलवर १-६× स्कोपच का? झूमपेक्षा महत्त्वाचे तीन आकडे

बीजीएमआय खेळणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात भारी स्कोप कोणता? उत्तर ठरलेलं असतं : ८×. फोन घेतानाही आपण तेच करतो. कॅमेऱ्याच्या माहितीत झूमचा आकडा जेवढा मोठा, तेवढा फोन भारी वाटतो.

मग आफ्रिकेत केप बफेलो किंवा हत्तीसारख्या प्राण्यांसाठी ज्या मोठ्या कॅलिबरच्या रायफली वापरतात, त्यांचे फोटो बघितले की गोंधळ होतो. रायफल लाखो रुपयांची आणि तिच्यावर स्कोप मात्र १-४× किंवा १-६×. काही वेळा तर स्कोपच नाही. पैसे कमी पडले म्हणून असं केलेलं नसतं. इथे कमी झूम मुद्दाम निवडलेला असतो. का, ते या लेखात सोप्या भाषेत बघू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. आपण ज्या रायफलींबद्दल बोलतोय त्या टांझानिया, झिंबाब्वे, नामिबिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत, परवाना घेऊन आणि व्यावसायिक शिकाऱ्याच्या सोबतीने वापरल्या जातात. मला या विषयात रस आहे तो भिंगं आणि भौतिकशास्त्रामुळे. एवढ्याशा नळीत किती अडचणी एकत्र सोडवाव्या लागतात, हे समजून घ्यायला मजा येते.

१-६×२४ म्हणजे नक्की काय?

पहिले दोन आकडे झूमचे. १-६× म्हणजे स्कोपवरची रिंग फिरवून प्रतिमा १ पट ते ६ पट मोठी करता येते. हा डिजिटल झूम नाही. आतली भिंगं खरोखर पुढे-मागे सरकतात, म्हणजे हा ऑप्टिकल झूम. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, इथे २४ मिलीमीटर.

१× वर स्कोप काहीच मोठं करत नाही. दुसरा डोळा उघडा ठेवला तर दोन्ही डोळ्यांना जग सारख्याच आकाराचं दिसतं आणि मधोमध निशाण्याची खूण तरंगताना दिसते. ज्या स्कोपची सुरुवात १× पासून किंवा त्याच्या अगदी जवळून होते आणि झूम वाढवता येतो, त्याला लो-पॉवर व्हेरिएबल स्कोप म्हणतात. जुन्या शिकाऱ्यांकडे १.५-५×२० चे स्कोप दिसतात. तेही याच घरातले.

आता तीन आकडे एकेक करून घेऊ.

पहिला आकडा : सगळ्यात खालचा झूम

केप बफेलोचा मोठा नर ७००-८०० किलोपर्यंत भरू शकतो. त्याच्यावर गोळी साधारणपणे १०० मीटरच्या आतूनच झाडली जाते, दाट झुडपात तर ३०-४० मीटरवरून. जखमी बफेलो कधीकधी पळून जाण्याऐवजी उलटून माणसावर येतो. त्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धरला, तर ५० मीटर अंतर तो साडेतीन-चार सेकंदांत कापतो. तेवढ्या वेळात रायफल खांद्याला लावायची, प्राणी स्कोपमध्ये शोधायचा आणि नेम धरायचा.

इथे स्कोपमधून किती जागा दिसते हे महत्त्वाचं ठरतं. चांगल्या लो-पॉवर स्कोपमधून १× वर १०० मीटर अंतरावरचा साधारण ३५ ते ४० मीटर रुंद पट्टा दिसतो. ६× वर तो ६-७ मीटरवर येतो. आता अंतर २० मीटर धरा. १× वर ७-८ मीटरची चौकट मिळते आणि अख्खा प्राणी आजूबाजूच्या झुडपांसकट दिसतो. ६× वर तीच चौकट सव्वा मीटरची होते. दोन मीटरहून लांब प्राणी त्या चौकटीत मावतच नाही. दिसते ती फक्त काळी कातडी. खांदा कुठला आणि पोट कुठलं, ते कळत नाही.

फोनच्या कॅमेऱ्यावर हे लगेच करून बघता येईल. ५× झूम लावा आणि घरात पळणाऱ्या लहान मुलाला चौकटीत पकडायचा प्रयत्न करा. नंतर तेच १× वर करा. फरक लगेच कळेल.

म्हणून ८×, १०× हे आकडे इथे दुसऱ्या नंबरला जातात. पहिला प्रश्न असा : झूम खाली आणला की हा स्कोप कुठपर्यंत उतरतो? १× उत्तम. १.५× सुद्धा चालतं. ३× पासून सुरू होणारा स्कोप या कामाचा नाही.

झूम जास्त म्हणजे नेम अचूक, हा समजही इथेच सोडून देऊ. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेत दुर्बिणीचा स्कोप लावताच येत नाही. बारीक छिद्राच्या साध्या साइटमधून ५० मीटरवरच्या १०.४ मिलीमीटरच्या वर्तुळावर नेम धरतात. स्कोप लक्ष्य मोठं दाखवतो, हात स्थिर करत नाही.

दुसरा आकडा : आय रिलीफ

माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे. गेममध्ये तो अस्तित्वातच नसतो, म्हणून लक्षातही येत नाही.

स्कोपच्या मागच्या भिंगापासून डोळा किती अंतरावर असला की पूर्ण प्रतिमा दिसते, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. डोळा त्यापेक्षा फार पुढे-मागे गेला की प्रतिमेभोवती काळी कडा येते.

आता धक्क्याचा हिशेब बघा. गोळी आणि जळणाऱ्या दारूचा वायू पुढे जातो, म्हणून रायफल मागे येते. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत शिकलोय. ढोबळ आकडे असे :

• .३०८ विंचेस्टर, साडेतीन किलोची रायफल : मागे येण्याची ऊर्जा साधारण २० ज्यूल
• .३७५ एच अँड एच मॅग्नम, सव्वाचार किलोची रायफल : साधारण ५० ज्यूल
• .४५८ विंचेस्टर मॅग्नम, तेवढ्याच वजनाची रायफल : साधारण ८० ज्यूल

.३७५ ची रायफल सेकंदाला जवळजवळ ५ मीटर वेगाने मागे येते, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. .४५८ त्याहून जोरात. खांदा हा धक्का झेलतो, पण झेलताना खांदा मागे दबतो आणि तेवढा स्कोप चेहऱ्याकडे सरकतो. अंतर कमी पडलं तर स्कोपची मागची धातूची कड भुवईवर आपटते. चंद्रकोरीसारखी जखम होते, टाके पडतात. इंग्रजी बोलणारे शिकारी याला ‘स्कोप आय’ म्हणतात. एकदा असा फटका बसला की पुढच्या वेळी चाप ओढताना डोळा आपोआप मिटतो, मान मागे जाते आणि नेम चुकतो. चुकलेल्या नेमाचा अर्थ इथे जखमी जनावर, आणि ते शोधायला झुडपात शिरणारी माणसं.

म्हणून मोठ्या कॅलिबरवर किमान ९० मिलीमीटर आय रिलीफ धरावं, ९५ ते १०० मिळालं तर आणखी चांगलं. स्वारोव्स्कीच्या १-६×२४ स्कोपवर ९५ मिलीमीटर दिलेलं असतं, तो एक चांगला मापदंड आहे. माहिती वाचताना एक बारकावा बघा. काही स्कोपमध्ये झूम वाढवला की हे अंतर कमी होतं. त्यामुळे सगळ्यात मोठ्या झूमवरचा आकडा धरायचा.

मग २०० मिलीमीटर का देत नाहीत? दाराच्या पीपहोलमधून बघा. डोळा जवळ असला की बाहेरचा सगळा जिना दिसतो. एक पाऊल मागे या, फक्त एक ठिपका उरतो. स्कोपचंही तसंच. मागचं भिंग तेवढंच ठेवून डोळा दूर नेला की दिसणारा पट्टा अरुंद होतो. म्हणजे पहिला आकडा आणि दुसरा आकडा एकमेकांशी भांडतात. ९० ते १०० मिलीमीटर ही त्यांच्यातली तडजोड आहे.

आणखी एक. उभं राहून गोळी झाडली की अख्खं शरीर मागे झुलतं आणि धक्का पसरतो. टेबलावर रायफल टेकवून बसलं की शरीर मागे जात नाही आणि डोकंही पुढे झुकलेलं असतं. त्यामुळे भुवई फुटण्याचा धोका रेंजवर, नेम जुळवताना जास्त असतो.

तिसरा आकडा : वजन

गोळी नळीतून बाहेर पडायला दीड-दोन मिलीसेकंद लागतात. फोनच्या ६० एफपीएस व्हिडिओची एक फ्रेम १६-१७ मिलीसेकंदांची असते. म्हणजे एका फ्रेमच्या आठव्या भागात रायफल शून्यापासून ५ मीटर प्रतिसेकंद वेगाला पोचते. हा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५० पट होतो.

रायफलला वर बसलेला स्कोपही सोबत ओढून न्यावा लागतो. ५०० ग्रॅमचा स्कोप असेल तर त्या क्षणी त्याला धरून ठेवणाऱ्या रिंगांवर साधारण १२५ किलो वजनाइतका ताण येतो. ८०० ग्रॅमचा असेल तर २०० किलो. प्रत्येक गोळीला हेच. म्हणून इथे हलका स्कोप सोयीपुरता नसतो, रिंगा आणि स्क्रू टिकावेत म्हणून असतो.

बाहेरच्या रिंगा टिकल्या तरी आतलं यंत्र टिकायला हवं. स्कोपच्या नळीत आणखी एक छोटी नळी असते. झूमची भिंगं तिच्यात बसवलेली असतात आणि ती स्प्रिंगच्या दाबावर उभी असते. नेम जुळवण्याच्या गोल कळा फिरवल्या की हीच आतली नळी किंचित तिरकी होते. स्प्रिंग कमकुवत असली किंवा भिंग नीट पक्कं केलेलं नसलं, तर दहा-वीस गोळ्यांनंतर स्कोप बाहेरून नवा दिसतो, पण गोळी दर वेळी वेगळीकडे लागते. हे जास्त घातक, कारण बिघाड डोळ्यांना दिसत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त १-६×२४ स्कोपपैकी कित्येक एअरसॉफ्ट खेळण्यांसाठी बनवलेले असतात. आकडे तेच, रूप तेच. म्हणून कंपनीने .३७५ किंवा त्यापुढच्या धक्क्याला स्कोप चालेल असं लेखी दिलंय का, ते शोधा. दिलं नसेल तर चालत नाही असंच धरायचं.

२४ मिलीमीटरचं भिंग पुरतं का?

फोनमध्ये मोठा सेन्सर म्हणजे जास्त प्रकाश, हे आपल्याला माहीत आहे. मग इथे ५० मिलीमीटरचं भिंग का नको?

भिंगाच्या व्यासाला झूमने भागलं की मागून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. २४ भागिले ४ म्हणजे ६ मिलीमीटर. २४ भागिले ६ म्हणजे ४. २४ भागिले ८ म्हणजे ३. तरुण माणसाची बाहुली अंधारात ७ मिलीमीटरपर्यंत उघडते, दिवसा ती २ ते ४ मिलीमीटर असते. म्हणजे संध्याकाळी ४× वर ठेवलं तर २४ मिलीमीटरचं भिंग डोळ्याला जवळजवळ पुरेसा प्रकाश देतं. ८× वर तेच भिंग अंधुक वाटेल.

झोत जाड असण्याचा दुसरा फायदा घाईत कळतो. डोळा थोडा वर-खाली किंवा बाजूला असला तरी प्रतिमा जात नाही. कमी झूमवर म्हणूनच रायफल खांद्याला लावताक्षणी चित्र दिसतं.

शिवाय २४ मिलीमीटरच्या स्कोपचा पुढचा भाग फुगीर नसतो, सरळ नळीच असते. त्यामुळे स्कोप नळीच्या अगदी जवळ, खाली बसवता येतो आणि गाल दस्त्याला नीट टेकतो. मॅग्नम रायफलींची ॲक्शन लांब असते, म्हणून दोन रिंगांमधलं अंतरही जास्त असतं. सरळ नळीवर रिंगा पुढे-मागे सरकवायला जागा मिळते.

रेटिकल आणि लाल ठिपका

निशाण्याच्या खुणेला रेटिकल म्हणतात. ती दोन जागी बसवता येते. पहिल्या प्रकारात झूमबरोबर खूणही लहान-मोठी होते. लांबच्या नेमबाजीला ते उपयोगी, पण १× वर खूण केसासारखी बारीक होते आणि झुडपात हरवते. दुसऱ्या प्रकारात खूण प्रत्येक झूमवर सारखीच जाड दिसते. या कामाला दुसरा प्रकार बरा.

मधोमध उजळणारा लाल ठिपका असावा आणि तो भर उन्हातही दिसावा. बहुतेक स्कोपमध्ये सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो, कारच्या रिमोटमध्ये असतो तोच. पण बॅटरी कधीही संपू शकते. म्हणून ठिपका बंद करून बघा. नुसत्या काळ्या जाड रेषांनी नेम धरता येतो का? येत नसेल तर तो स्कोप सोडा.

मग नुसती रेड डॉट साइटच का लावू नये? प्रश्न योग्य आहे. तिला आय रिलीफची अट नसते, वजनही थोडं. .४५८ किंवा .४७० नायट्रो एक्सप्रेससारख्या, अगदी जवळून वापरायच्या रायफलींवर बरेच जण तीच लावतात. पण पहाटेच्या अंधुक प्रकाशात कळपातला नर कोणता, त्याच्या मागे दुसरा प्राणी उभा आहे का, मध्ये फांदी आहे का, हे बघायला ४× किंवा ५× झूम लागतो. चुकीच्या प्राण्याला लागलेली गोळी परत घेता येत नाही. लो-पॉवर व्हेरिएबलचं खरं काम हेच : वर नेऊन खात्री करायची, मग खाली आणून तयार राहायचं.

कोणत्या रायफलला किती?

.३७५ एच अँड एच १९१२ पासून वापरात आहे. मोठ्या धोकादायक प्राण्यांसाठी आफ्रिकेतल्या अनेक देशांत हे किमान कॅलिबर धरतात, काही ठिकाणी ९.३ मिलीमीटरही चालतं. हिच्यातून हरणवर्गातल्या प्राण्यांवर २०० मीटरपर्यंतही गोळी झाडतात, म्हणून १-५× किंवा १-६× शोभतो. .४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ सालची. तिची गोळी जड आणि संथ, लवकर खाली झुकते, आणि तिचं काम १०० मीटरच्या आतलं. तिला १-४× पुरतो. १-८× वाईट नाही, पण वजन आणि किंमत वाढते आणि शेवटचे दोन-तीन ‘एक्स’ क्वचितच वापरले जातात.

बसवताना काय बघायचं?

• रिंगा चांगल्या स्टीलच्या असाव्यात. स्क्रू टॉर्क रेंचनेच, कंपनीने दिलेल्या मापाइतकेच आवळावेत. जास्त आवळलं तर नळी चेपते आणि आतली भिंगांची नळी अडकते.
• खाचा असलेल्या रेल्वर माउंट बसवताना तो पुढे ढकलून मगच आवळावा. रायफल मागे येते तेव्हा स्कोप जागच्या जागी राहायला बघतो, म्हणजे रेल्वर पुढे सरकतो. आधीच पुढे टेकवला असेल तर सरकायला जागाच राहत नाही.
• रिंगेच्या कडेला नळीवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवावी. वीस गोळ्यांनंतर रेघ आणि रिंग यांत फट दिसली, तर स्कोप सरकतोय.
• लीव्हरने झटकन निघणारा माउंट घ्यावा आणि नळीवरची साधी साइट शाबूत ठेवावी. पावसात काच भिजली किंवा स्कोप आपटला तर तो काढून काम चालू राहतं. मात्र काढून परत बसवल्यावर गोळी त्याच जागी लागते का, हे रेंजवर आधीच तपासलेलं हवं.

शेवटची तपासणी फुकटात होते. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची. जे जाड जॅकेट घालून जंगलात जाणार, तेच अंगात घालायचं. झूम सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. पूर्ण गोल प्रतिमा दिसली तर स्कोप बरोबर जागी आहे. काळी कडा दिसली तर मान पुढे-मागे करून जुळवून घेऊ नका. रिंगा सैल करून स्कोप सरकवा. घाईच्या त्या चार सेकंदांत मान जुळवायला वेळ मिळत नाही, आणि मान फार पुढे गेलेली असेल तर भुवईला टाके पडतात.